अवर्षणाच्या वर्षी सह्याद्रीचे पाणी कोणाचे?

(कऱ्हाड येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पाण्यावर बोलायला मला बोलावले, तेव्हा संयोजकांना मी एकच अट घातली. दुष्काळाची हृदयद्रावक वर्णने आज करायची नाहीत. ती आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत आणि आपल्यापैकी काहींनी केलीही आहेत. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा आज हिशेब मांडणार आहे. हिशेब रुक्ष असतो. पण कोण कोणाचे किती घेतो हे हिशेबाशिवाय कळत नाही.

कोयनेच्या धरणावर जो पाऊस पडतो तो वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला गेलात की आटपाडी, जत, सांगोला लागतात. तेथे चारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक पाऊसपाणी बरे झाले म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावरची एक अरुंद पट्टी सगळे ढग रिकामे करून घेते आणि तिच्या सावलीतला मुलूख कोरडा राहतो. येथवर निसर्गाचे काम झाले. पुढचे काम माणसांनी केले. त्या पट्टीत पडलेले आणि स्वभावतः पूर्वेकडे, म्हणजे कृष्णा-भीमेकडे वाहणारे पाणी अडवून, डोंगर पोखरून त्यांनी ते पश्चिमेला, समुद्राकडे वळवले.

याचा आरंभ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाला. लोणावळा, वळवण, शिरवता, पुढे ठोकरवाडी आणि मुळशी अशी टाटांची धरणे बांधली गेली. त्यांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजगृह १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह केला, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो लढा बुडणाऱ्या जमिनीसाठी होता. जे पाणी खोरे बदलून जाणार होते त्याचा प्रश्न त्या वेळी कोणी फारसा विचारला नाही. भीमेकाठच्या सोलापूरकराला आपले काही जात आहे याची जाणीवच नव्हती. ती व्हायला पन्नास वर्षे लागली.

स्वातंत्र्यानंतर कोयना झाली. ती सरकारी होती, राष्ट्राची होती, आणि आपल्या पिढीला तिचा अभिमान होता. तो आजही वाटतो. शिवाजीसागराची साठवण सुमारे १०५ टीएमसी आहे. त्याचे पाणलोट क्षेत्र अवघे ८९० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा क्षेत्रातून एवढे पाणी गोळा होते, यावरून तेथील पावसाची कल्पना यावी. हे पाणी बोगद्यांतून पोफळीला पावणेपाचशे मीटर खाली कोसळते, पुढे कोळकेवाडीला आणखी शंभर-एक मीटर उतरते आणि अवजल म्हणून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगीकरणातला कोयनेचा वाटा नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

आता लवादाकडे येऊ. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातून महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले. १९७६ च्या अंतिम निवाड्यात पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर बंधनेही आहेत. कोयनेतून प्रारंभीची दहा वर्षे ९७, मग पाच वर्षे ८७, पुढची पाच वर्षे ७८, आणि त्यानंतर कायमचे ६७.५ टीएमसी. टाटांच्या धरणांतून कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसीहून अधिक नाही, आणि लागोपाठच्या कोणत्याही पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून अधिक नाही. म्हणजे सरासरीने वर्षाला साडेबेचाळीसच्या आत. दोन्हींची बेरीज केली तर ती ११० टीएमसीच्या घरात जाते. आपल्या मूळ वाट्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा खोऱ्याबाहेर जातो, आणि तो जातो त्याच राज्यातून ज्याच्या मानदेशात माणसे टँकरची वाट पाहतात.

या निवाड्याची भाषा मी तुम्हांला मुद्दाम बारकाईने वाचायला सांगतो. 'इतके पाणी वळवावे' असे लवाद म्हणत नाही. 'याहून अधिक वळवू नये' असे म्हणतो. ६७.५ ही कमाल मर्यादा आहे. वीजगृहाला मिळालेली सनद नव्हे. तरीसुद्धा सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत 'विजेसाठी आरक्षित ६७.५ टीएमसी' असा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की आपले कार्यकर्तेही तो वापरतात. अवर्षणाच्या वर्षी या एका शब्दाने काय होते ते पाहा. धरण पूर्ण भरले तर मृतसाठा आणि विजेचा कोटा वजा जाता पूर्वेच्या सिंचनाला तीसेक टीएमसी उरतात. पाऊस कमी झाला आणि पंधरा टीएमसीची तूट आली. विजेचे साडेसदुसष्ट 'आरक्षित' धरले तर ती सबंध तूट पूर्वेच्या तीसवर पडते. शेतकऱ्याचे पाणी निम्मे होते, वीजगृहाचे एक थेंबानेही कमी होत नाही. तूट वाटण्याऐवजी ती एकाच्याच डोक्यावर ठेवायची, आणि तीही त्याच्या डोक्यावर, ज्याच्या खोऱ्यातले हे पाणी आहे! प्रत्यक्षात आरडाओरडा झाला की शासन थोडी कपात विजेच्या पाण्यात करते, हे मला माहीत आहे. पण ती मेहेरबानी म्हणून केली जाते. त्यासाठी मंत्र्याकडे शिष्टमंडळ न्यावे लागते.

२०२३ साल आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट देशाच्या हवामान खात्याच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कोयना त्या पावसाळ्यात पूर्ण भरली नाही. ३१ ऑक्टोबरला शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आणि दिवाळीच्या सुमारास सांगलीजवळ कृष्णेचे पात्र उघडे पडले. मग नेहमीचा खेळ सुरू झाला. सांगलीने साताऱ्याकडे बोट दाखवले, साताऱ्याने सांगलीच्या उपशाकडे. एकाच खोऱ्यातले दोन जिल्हे एकमेकांशी भांडत राहिले, आणि घाटाखाली किती पाणी गेले हे दोघांपैकी कोणी मोठ्याने विचारले नाही.

पाण्याचा हिशेब आपल्याकडे १५ ऑक्टोबरला होतो. पाऊस संपला, धरणात किती आहे ते पाहायचे, कालवा सल्लागार समिती बसवायची, रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तने ठरवायची. परंतु लवादाचे जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि वीजगृहाची चक्रे जूनपासून फिरतच असतात. चांगल्या वर्षी यात काही वावगे नाही. उलट पावसाळ्यात भरपूर वीज करून धरणात जागा ठेवणे शहाणपणाचेच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पण पावसाने ऑगस्टमध्ये दडी मारली, तर त्या महिन्यात वीजगृहातून गेलेला प्रत्येक टीएमसी ऑक्टोबरच्या साठ्यातून वजा होतो. म्हणजे १५ ऑक्टोबरला समिती जे वाटायला बसते ते आधीच कोणीतरी खाऊन उरलेले असते. टंचाईचा निर्णय दिवाळीत घेऊन भागत नाही. तो ऑगस्टअखेर घ्यावा लागतो. पूर अडवण्यासाठी जसे धरणाच्या पातळीचे पावसाळी वेळापत्रक असते, तसेच तुटीसाठीही असले पाहिजे. अमुक तारखेला अमुक पातळी गाठली नाही, तर पश्चिमेचा विसर्ग अमुक प्रमाणात आपोआप कमी होईल, असे. 'आपोआप' या शब्दावर मी जोर देतो. मंत्र्याच्या मर्जीवर नव्हे.

आता विजेची बाजू. ती प्रामाणिकपणे मांडली नाही तर आपण लोकांची फसवणूक करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. हे पाणी पोफळी आणि कोळकेवाडी अशी दोन्ही ठिकाणी उतरले तर माझ्या ढोबळ हिशेबाने चार कोटी युनिट वीज होते. तेच पाणी पूर्वेला सोडले तर पायथ्याच्या वीजगृहात त्याच्या तुलनेने फारच थोडी वीज मिळते. शिवाय ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांतून ते वर चढवावे लागते. टेंभूला तर पाच टप्पे आहेत. दोनशे मीटर उचलायचे धरले तर एका टीएमसीला दोन कोटींहून अधिक युनिट खर्ची पडतात. म्हणजे घाटाखाली न सोडता आटपाडीला नेलेला एक टीएमसी राज्याला सहा कोटी युनिटना पडतो. पाच रुपये दराने तीस कोटी रुपये. हा आकडा लपवू नका. सभेत स्वतःहून सांगा.

आणि मग दुसरी बाजू सांगा. तीस कोटी भागिले २,८३० कोटी लिटर, म्हणजे लिटरला जेमतेम एक पैसा. दहा हजार लिटरचा टँकर या हिशेबाने सव्वाशे रुपयांच्या आत पडतो. टंचाईत खाजगी टँकर हजार रुपयांत मिळाला तर माणूस नशीब समजतो. माणशी रोज ५५ लिटर धरले तर या एका टीएमसीत चौदा लाख माणसांची वर्षभराची तहान भागते. गळती आणि पाझर यांत निम्मे पाणी गेले असे समजले तरी रब्बी ज्वारीला दोन पाणी देऊन वीस हजार एकरांहून अधिक रान हाती लागते. वीज दुसरीकडून विकत घेता येते. औष्णिक आहे, सौर आहे, वारा आहे. ज्वारीच्या पोटरीतले पीक दुसरीकडून विकत घेता येत नाही, आणि दावणीचे जनावर एकदा बाजारात गेले की परत येत नाही.

वीजमंडळातले माझे अभियंते मित्र यावर म्हणतात, 'सर, युनिटांचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. संध्याकाळी सात वाजता मागणी चढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. कोयना काही मिनिटांत चालू होते. कोळशाचे केंद्र होत नाही.' हा युक्तिवाद खरा आहे आणि त्याला घोषणांनी उत्तर देता येणार नाही. उत्तर असे की, घटकाभराची निकड भागवायला पाणी दर वेळी समुद्रालाच दिले पाहिजे असे नाही. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. भिऱ्यालाही १५० मेगावॅटचा संच आहे. वीज स्वस्त असताना तेच पाणी वर चढवायचे, महाग असताना खाली सोडायचे. पाणी तेच राहते. अशा संचांत थोडी वीज वाया जाते, खर्च मोठा असतो, आणि जेथे ते बांधतात तेथील जंगलाचा व माणसांचा प्रश्न असतोच. तो सोडून देऊन चालणार नाही. पण संध्याकाळच्या चार तासांसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी हा एकच मार्ग आहे, असे आता कोणी म्हणू नये.

टाटांच्या धरणांबाबत तर मार्ग निवाड्यातच आहे. पाच वर्षांत २१२, पण एका वर्षी ५४.५ पर्यंत, याचा अर्थ काय? अर्थ असा की लवादाने तेथे वर्षावर्षांत कमीजास्त करायला वाव ठेवला आहे. कोरड्या वर्षी तीस घ्या, पुढच्या भरल्या वर्षी पन्नास घ्या. पाच वर्षांची बेरीज तीच राहील. कंपनीचा एकूण वाटा बुडत नाही. आणि त्या कोरड्या वर्षी दहा-बारा टीएमसी भीमेत राहिले तर उजनीखालच्या सोलापूरला ते संजीवनीसारखे आहेत. उजनीचा उपयुक्त साठा पूर्ण भरला तरी साडेत्रेपन्नास टीएमसीच आहे, हे लक्षात घ्या. मुळशीचे पाणी पूर्वेकडे सोडण्याची सोय, वाटेतली पुणे-पिंपरीची ओढ, या अडचणी आहेत. पण त्या सोडवता येणाऱ्या अडचणी आहेत. खाजगी कंपनीच्या ताब्यात शंभर वर्षे राहिलेले पाणी टंचाईच्या वर्षी सार्वजनिक हिशेबात धरा, एवढीच मागणी आहे. तिला क्रांती म्हणायचे कारण नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तुटीच्या वर्षी खोऱ्यातील सर्व धरणांनी तूट समन्यायाने वाटून घ्यावी असे तत्त्व आहे. गोदावरीच्या खोऱ्यात मराठवाड्याने ते झगडून अमलात आणले. मेंढेगिरी समितीचा अहवाल, प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश, उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश. जे गंगापूर-दारणा-मुळा धरणांना लागू, ते कोयना-मुळशीला का नाही? नाशिकच्या शेतकऱ्याने तूट सोसायची आणि वीजगृहाने नाही, हा कोणता समन्याय?

आता मी जे बोलणार आहे ते येथील काही मंडळींना आवडणार नाही. कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठ उसाने हिरवा आहे आणि या सभागृहातल्या अनेकांच्या घरी ऊस आहे. कोयनेचे आणखी दहा टीएमसी आपण भांडून पूर्वेला आणले, आणि ते वाटेतच नदीकाठच्या मोटारींनी उचलून आडसाली उसाला घातले, तर आपण काय मिळवले? ज्या पाण्यात, मघाच्याच हिशेबाने, वीस हजार एकर ज्वारी भिजते, त्यात पाटाने भिजवलेला ऊस दोन हजार एकरसुद्धा होत नाही. राज्यात लागवडीखालच्या शेकडा चार एकरांवर असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्याचा सुमारे दोनतृतीयांश वाटा घेते, असे सांगितले जाते. ही मक्तेदारी वीजगृहाच्या मक्तेदारीहून कोणत्या अर्थाने वेगळी आहे? एवढाच फरक की तिचे लाभार्थी आपल्या ओळखीचे आहेत.

वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊस्कर यांनी १९७९ साली आठमाही पाणीवाटपाचा आग्रह धरला तो याच कारणाने. विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरावर नव्हे, माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, आणि दुष्काळी तालुक्यांतले हजारो लोक त्यांना येत राहिले. भारत पाटणकर आणि त्यांच्या साथींनी समन्यायी वाटपाची मागणी प्रत्यक्ष योजनेच्या आराखड्यापर्यंत नेली. ही आपल्या परंपरेतली कामे आहेत, आणि आपल्याच पक्षाच्या ठरावांत ती अनेकदा एका ओळीत आटोपली जातात. ऊसवाला नाराज होईल म्हणून. मला कोणाची मते मागायची नाहीत, तेव्हा बोलून टाकतो.

तुटीच्या वर्षीचा क्रम माझ्या मते असा हवा. आधी पिण्याचे पाणी, माणसांचे आणि जनावरांचे, दोन्ही बाजूंचे. 'दोन्ही' म्हणजे घाटाखालचेही. चिपळूणच्या बाजूला अवजलावर काही पाणीयोजना आणि कारखाने अवलंबून आहेत. कोकणातल्या आपल्या साथींना तोडून हा लढा करता येणार नाही. त्यांची किमान गरज आकड्यांत ठरवावी आणि ती पाळावी. त्यानंतर खरीप-रब्बीच्या पिकांना जीवदान देणारे एक-दोन पाणी. मग जे उरेल त्यात वीज आणि ऊस यांनी तूट सारख्या प्रमाणात सोसावी. विजेतले नुकसान उपसा योजनेच्या शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत घालू नये. ते राज्याच्या तिजोरीने उचलावे. शहरांच्या दिव्यांसाठी आटपाडीने शंभर वर्षे दिले आहे, एका वर्षी शहरांनी द्यायला हरकत नाही.

धरणग्रस्तांचा उल्लेख शेवटी येतो याची मला खंत आहे, पण क्रमात ते शेवटी नाहीत. कोयनेने उठवलेली माणसे रायगड-ठाण्यापासून सांगली-सोलापूरपर्यंत विखुरली. काहींचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरे झालेले नाही. जी डोंगरावर राहिली त्यांच्या वाड्या उन्हाळ्यात खाली पसरलेल्या जलाशयाकडे पाहत झऱ्यावर रांगा लावतात. त्यांना लागणारे पाणी शंभरातल्या अर्ध्या टीएमसीचेही नसेल. त्यांचे पाणी पहिल्या रकान्यात धरा.

कार्यकर्त्यांनी काय करायचे, असे मघाशी एका तरुण मित्राने विचारले. मोर्चा तर काढायचाच. पण तो ऑगस्टमध्ये काढा, मार्चमध्ये नको. मार्चमध्ये धरणात वाटायला काही उरत नाही, केवळ टँकर मागता येतात. एक जूनपासून दर आठवड्याला दोन आकडे मिळवा : धरणातला साठा आणि पश्चिमेला गेलेले पाणी. साठ्याचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. दुसरा सहसा येत नाही. तो माहितीच्या अधिकारात मागा आणि चावडीवरच्या फळ्यावर दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. कालवा सल्लागार समितीत आमदार आणि कारखान्यांचे अध्यक्ष बसतात. टेलच्या शेतकऱ्याला आणि पाणीवापर संस्थांना तेथे जागा मिळावी म्हणून लेखी मागणी करा, आणि मिळाली नाही तर दाराशी बसा. उपसा योजनांच्या लाभक्षेत्रातली गावे, नदीकाठची गावे आणि कोयनेचे धरणग्रस्त यांची एकत्र बैठक या पावसाळ्याआधी कऱ्हाडलाच घ्या. त्या बैठकीत भांडणे होतील. नदीकाठचे उठून जातील. त्यांना परत बोलवा, आणि बैठकीला येताना मोटारींचे अश्वशक्तीचे आकडे घेऊन या, म्हणजे बोलणे नेमके होईल.